उपकारस्मरण व आरोग्य

(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवाच्या सायंकाळी केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे ‘आभारप्रदर्शन’ असा शब्द छापलेला आहे. हा शब्द व्यासपीठावरून उच्चारला गेला की सभेत काय होते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. मुले उठून उभी राहतात, मागच्या रांगेतील मंडळी वहाणा शोधू लागतात, आणि स्वयंपाकाकडील भगिनी पातेल्यांची झाकणे उघडून पाहतात. आभार म्हणजे जणू सभा संपल्याची घंटाच होय. म्हणून आम्ही उत्सवमंडळास अशी विनंती केली की, या खेपेस आभार अगदी शेवटी न ठेवता भोजनापूर्वी अर्धा तास आम्हांस द्यावा, आणि उपकार मानण्याची चाल कोठून आली व तिच्या योगाने मनुष्याच्या मनाचे आणि देहाचे काय हित होते, याविषयी चार शब्द बोलू द्यावे. मंडळाने ही विनंती मान्य केली. भात निवणार नाही, एवढी काळजी आम्ही घेऊ.

संत लूक आपल्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोग्यांची हकीकत सांगतो. शोमरोन व गालील यांच्या सीमेवरील एका गावी दहा रोगी दूर उभे राहून प्रभूची करुणा भाकतात. प्रभू त्यांस याजकांकडे पाठवितो. कारण रोग गेला की नाही हे ठरवून रोग्यास पुन्हा गावात घेण्याचा अधिकार मोशेच्या नियमाप्रमाणे याजकांचा होता. ते वाटेने जात असताच शुद्ध होतात. त्यांपैकी एकच मागे फिरतो, मोठ्या आवाजात देवाचे गौरव करतो आणि प्रभूच्या चरणी पडून त्याचे उपकार मानतो. हा मनुष्य शोमरोनी, म्हणजे यहुदी लोकांच्या दृष्टीने परका असतो. उरलेले नऊ जण कोठे राहिले, अशी प्रभू विचारणा करतो.

त्या नऊ जणांविषयी पुष्कळ प्रवचनांत कठोर बोलले जाते. आम्हीही बोललो आहो. परंतु वय पन्नाशीच्या पलीकडे गेले तसे आम्हांस वाटू लागले की, ते नऊ जण दुष्ट नव्हते. त्यांस याजकांकडे जाण्यास सांगितले होते, आणि ते तिकडेच गेले. घरी बायकामुले वाट पाहत असतील, याचाही त्यांस ध्यास लागला असेल. उपकाराची जाण त्यांच्या मनात नव्हती, असे लूक कोठेही म्हणत नाही. ती त्यांनी बोलून दाखविली नाही, एवढेच त्यावरून कळते. आणि आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शुद्ध तर दहाही झाले; पण विश्वासाने तारला गेल्याची वार्ता प्रभूने त्या परत आलेल्या एकालाच दिली. मूळ ग्रीक भाषेत तेथे जे क्रियापद आहे, त्याचा अर्थ तारणे असाही होतो आणि बरे करणे, धडधाकट करणे असाही होतो. म्हणजे कातडी नितळ होणे हे एक आरोग्य, आणि मागे फिरून दोन शब्द बोलल्याने लाभते ते दुसरे. आमचे आजचे सांगणे एवढेच आहे: उपकाराची जाण मनात असून भागत नाही, ती ओठांवर आली पाहिजे. ती ओठांवर आली म्हणजे बोलणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे, दोघांचेही बरे होते.

आता कोणी विचारील, आपला मराठी मनुष्य कृतघ्न आहे काय? मुळीच नाही. उपकारासंबंधी आपल्या भाषेत किती शब्द व किती म्हणण्याच्या तऱ्हा आहेत, ते पाहावे. आपण उपकाराची जाण ठेवतो, उतराई होतो, ऋण फेडतो, आईबापांचे पांग फेडतो, खाल्ल्या मिठाला जागतो. जेवून उठणारा मनुष्य अन्नदात्याचे सुख चिंतितो. ‘आभार’ या शब्दात ‘भार’ आहे. ज्याच्यावर उपकार झाला त्याला त्याचे ओझे जाणवते, असा त्याचा आशय. इतकी समृद्ध भाषा असूनही घरात मात्र आपण मुके असतो. आई वाढते, मुलगा जेवतो आणि हात धुऊन निघून जातो. बायकोस ‘बरे केलेस’ असे म्हणणारा नवरा आमच्या पाहण्यात थोडाच आला. विचारले तर उत्तर ठरलेले असते: “फादर, आपल्याच माणसाचे आभार कशाले मानायचे जी? तो काय परका हाय?” या उत्तरात प्रेम आहे, हे आम्ही कबूल करतो. आपलेपणात आभार हा शब्द परका वाटतो. परंतु याच आडोशाला पुष्कळ आळसही दडून बसतो.

आपल्या गोव्याकडील ख्रिस्ती बांधवांनी यातून एक सुंदर वाट काढलेली आहे. कोंकणीत कोणी काही दिले किंवा केले की ते ‘देव बरें करूं’ असे म्हणतात. त्यात ओझ्याची भाषा नाही. देव तुझे भले करो, असा आशीर्वाद आहे. आपल्या वऱ्हाडातही म्हातारी माणसे ‘देव तुह्यं भलं करो’ असे म्हणत असत. तरुण पिढीच्या तोंडून ते आता क्वचितच ऐकू येते.

आणि मुक्या जनावराशी आपला शेतकरी कसा वागतो, ते पाहा. श्रावण अमावास्येला पोळा येतो. त्याच्या आदल्या सायंकाळी वाशीम, रिसोड, मालेगाव, मानोरा या भागांत घरोघरी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जुवाखाली घासून गेलेल्या खांद्याला लोणी-हळद चोळतात आणि बैलाला तोंडी आवतण देतात की, उद्या जेवायला या. दुसऱ्या दिवशी त्याला न्हाऊ घालतात, शिंगांना बेगड लावतात, अंगावर झूल घालतात, पुरणपोळीचा घास देतात. बैल घेऊन दारी येणाऱ्या गड्याला बोजारा मिळतो. ज्याला आपले बोलणे समजेल की नाही याची खात्री नाही, त्या बैलाला आपण शब्दांनी आवतण देतो. आणि ज्यांना प्रत्येक शब्द समजतो, त्या माणसांना काही बोलत नाही! बैलाच्या खांद्यावरचा घट्टा आपल्या डोळ्यांस दिसतो. आईच्या हातावरचा, सालदाराच्या पायावरचा घट्टाही तसाच दिसला पाहिजे.

ख्रिस्तसभेत तर उपकारस्तुती हा पूजेचा प्राणच आहे. ज्या महान सांक्रामेंताला जगभर ‘युखारिस्त’ म्हणतात, त्या ग्रीक शब्दाचा अर्थच उपकारस्तुती असा आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यास संत जस्टिन याने रोमच्या सम्राटाला उद्देशून जो बचावलेख लिहिला, त्यात ख्रिस्ती लोक त्या पवित्र अन्नाला हेच नाव देत असल्याचे तो सांगतो. म्हणजे आपण दर रविवारी मिस्साला येतो ते मुख्यतः मागण्यासाठी नव्हे, तर आभार मानण्यासाठी. हे आपणांपैकी किती जणांच्या ध्यानात असते?

संत पौलाची पत्रे उघडून पाहावीत. बहुतेक पत्रांच्या आरंभी, ज्यांस तो लिहीत आहे त्यांच्याबद्दल तो देवाचे आभार मानतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात मात्र ते नाहीत, कारण त्या वेळी तो फार रागावलेला होता. संतांच्याही रागात पहिला बळी आभारांचाच पडतो! फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र तर तुरुंगातून लिहिलेले आभारपत्रच होय. त्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती काही मदत पाठविली होती, तिची पोच पौलाने दिली. बेड्यांत असलेल्या मनुष्याने लिहिलेल्या त्या पत्रात आनंदाचा उल्लेख पुनःपुन्हा येतो.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास याने आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात कृतज्ञतेच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली, उपकार झाला हे ओळखणे. दुसरी, तो बोलून दाखविणे व आभार मानणे. तिसरी, योग्य स्थळी, योग्य वेळी, आपल्या शक्तीप्रमाणे त्याची फेड करणे. आपण मंडळी पहिली पायरी चढतो आणि एकदम तिसरीवर उडी घेऊ पाहतो. फेडण्याइतके हाती आले म्हणजे पाहू, असे म्हणतो. ते हाती कधीच येत नाही, आणि मधली पायरी, जिला एक पैसाही लागत नाही, ती रिकामीच राहते. सोळाव्या शतकात संत इग्नेशियस लोयोला याने नित्याच्या आत्मपरीक्षणाची जी रीत घालून दिली, तिचा आरंभ पापांच्या मोजदादीने होत नाही. देवापासून मिळालेल्या देणग्यांबद्दल आभार मानण्याने होतो. सेमिनरीत ही रीत आम्हांस शिकविली गेली तेव्हा आम्ही ती एक नियम म्हणून पाळली. तिच्यात औषधही आहे, हे पुष्कळ उशिरा कळले.

औषधाचा विषय निघालाच आहे, तर आपल्या देशातील प्राचीन वैद्यांचेही स्मरण करावे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात रोग्याची परीक्षा कशी करावी, हे सांगताना ज्यांचे मन बळकट आहे अशा मनुष्यांची लक्षणे दिली आहेत. त्यांत स्मरणशक्ती, भक्ती, शुचिता, उत्साह व धैर्य यांच्याबरोबरच कृतज्ञता हेही एक लक्षण सांगितलेले आहे. नाडीप्रमाणे मनुष्याची कृतज्ञताही वैद्याने पाहावी, ही गोष्ट लहान नव्हे.

सांप्रतच्या शास्त्रज्ञांनी या विषयाकडे लक्ष दिले ते अलीकडे. अमेरिकेतील रॉबर्ट एमन्स व मायकेल मॅक्कलो या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी विद्यार्थ्यांचे तीन गट पाडले. एका गटाने दर आठवड्यास, ज्यांबद्दल आभार मानावेसे वाटतात अशा पाचपर्यंत गोष्टी लिहावयाच्या. दुसऱ्याने त्रासाच्या गोष्टी लिहावयाच्या. तिसऱ्याने केवळ घडलेल्या गोष्टी. सुमारे दहा आठवड्यांनंतर असे आढळले की, आभार लिहिणाऱ्यांस आपल्या आयुष्याविषयी अधिक समाधान वाटत होते, अंगदुखी-डोकेदुखीसारख्या त्यांच्या तक्रारी कमी होत्या, आणि ते व्यायामही अधिक करीत होते. स्नायू व मज्जातंतूंच्या जुनाट विकाराने पीडित असलेल्या लोकांकडून त्यांनी २१ दिवस हाच नेम करविला, तेव्हा त्या रोग्यांस झोप अधिक वेळ लागली व उठल्यावर अधिक ताजेतवाने वाटले. रोग गेला नाही. परंतु रोगाबरोबर जगणे सुसह्य झाले.

झोपेचा हा संबंध कसा, तेही पाहण्यासारखे आहे. इंग्लंडात ४०१ व्यक्तींवर केलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, कृतज्ञ स्वभावाच्या लोकांच्या मनात निजण्यापूर्वी काळजीचे विचार कमी व बरे विचार अधिक येतात, आणि त्यामुळे त्यांस झोप लवकर व चांगली लागते. अंथरुणावर पडल्यावर मन रिकाम्या जात्यासारखे फिरत राहते. त्यात दाणे घातले तर पीठ निघते; न घातले तर दगडच दगडाला घासतो. निजण्यापूर्वीची उपकारस्तुती म्हणजे त्या जात्यात टाकलेली मूठभर ज्वारी होय.

मोठ्या संख्येचाही एक दाखला देतो. अमेरिकेत परिचारिकांच्या आरोग्याचा एक अभ्यास १९७६ पासून चालत आला आहे. त्यातील ४९,२७५ वृद्ध स्त्रियांस, ज्यांचे सरासरी वय ७९ होते, २०१६ साली कृतज्ञतेविषयी प्रश्न विचारण्यात आले आणि २०१९ च्या अखेरपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे, ज्यांच्या उत्तरांत कृतज्ञता सर्वांत अधिक होती त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण, ती सर्वांत कमी असणाऱ्यांपेक्षा सुमारे ९ टक्क्यांनी कमी आढळले. पूर्वीचे आजार, उत्पन्न इत्यादी गोष्टी हिशेबात धरूनही हा फरक उरला.

तथापि आम्ही आपणांस फसविणार नाही. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरतेच असे नाही. उदासीनतेच्या व चिंतेच्या विकारांवर असल्या उपायांचा परिणाम थोडाच होतो, असे अनेक अभ्यास एकत्र तपासून २०२१ साली दाखविण्यात आले आहे. म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करून आभार मानीत बसावे, असे कोणी समजू नये. गोळी घ्यावी, आणि ती आणून देणाऱ्या सुनेचे आभार मानावे.

आता आम्ही आपणांपुढे एक कबुली देतो. ती देण्याकरिताच वस्तुतः आम्ही हा विषय निवडला.

आम्ही दहा-अकरा वर्षांचे असता मिशनच्या बोर्डिंगात राहत होतो. घर दूर होते, आणि घरी खाणारी तोंडे पुष्कळ होती. बोर्डिंगाच्या स्वयंपाकघरात एक विधवा बाई होत्या. सारी मुले त्यांस मावशी म्हणत. पहाटे चार वाजता उठून त्या चूल पेटवीत आणि सकाळ उजाडेपर्यंत ज्वारीच्या भाकरींची चळत उभी करीत. एका पावसाळ्यात आम्हांस विषमज्वर झाला. तीन आठवडे आम्ही अंथरुणाला खिळून होतो. दिवसभर चुलीपुढे राबून झाल्यावर मावशी रात्री आमच्या उशाशी बसत, कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवीत आणि तांदळाची पेज चमच्याने पाजीत. त्याबद्दल त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत. आणि आम्हीही नाही.

पुढे आमचा गुरुदीक्षाविधी झाला आणि त्या मिशनमध्ये आम्ही मिस्सा करावयास गेलो. हार झाले, वाजंत्री झाली, भाषणे झाली. मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हाताला पीठ लागलेले होते. नजरानजर झाली, आम्ही दुरूनच हात जोडले. जेवणानंतर त्यांस भेटू, असे मनात ठरविले. परंतु जेवण होते न होते तोच जीप तयार असल्याचा निरोप आला आणि आम्ही निघालो. मग पत्र लिहू असे ठरले. ते पत्र अकरा वर्षे मनात राहिले. अखेर एका धर्मगुरूंच्या तोंडून सहज समजले की, मावशी वारल्या त्यास वर्ष होऊन गेले.

आम्ही कबरस्तानात गेलो. तेथे त्यांच्या शेजारची एक म्हातारी भेटली. ती म्हणाली, “फादर, मावशी साऱ्या गावाले सांगे का, माह्या हातची पेज पिऊन हा पोरगा फादर झाला.” आम्हांस पुढे उभे राहवेना. मावशींस आमच्याकडून काही नको होते, हे खरे. परंतु आम्हांस त्यांस काही द्यावयाचे होते, आणि देण्याची वेळ निघून गेली होती. त्या नऊ जणांविषयी आम्ही कठोर बोलत नाही, त्याचे कारण हे आहे. आम्ही त्यांच्यातीलच एक आहो.

आम्ही का गेलो नाही? काम फार होते, असे आम्ही स्वतःस सांगत आलो. खरे कारण हे की, संकोच वाटत होता. काय बोलावे, कसे बोलावे, बोललो तर त्यांस अवघडल्यासारखे होईल काय, असे वाटत होते. पुष्कळ वर्षांनी आमच्या वाचनात २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आला. अमित कुमार व निकोलस एप्ली या संशोधकांनी लोकांकडून आभारपत्रे लिहविली. लिहिणाऱ्यांस आधीच विचारले की, पत्र वाचणाऱ्यास काय वाटेल. आणि नंतर वाचणाऱ्यांसही विचारले. तेव्हा असे दिसले की, वाचणाऱ्यास किती अवघडेल याचा लिहिणाऱ्यांनी वाजवीपेक्षा जास्त अंदाज केला होता, आणि त्यास किती आनंद होईल याचा वाजवीपेक्षा कमी. लिहिणाऱ्यास आपल्या शब्दांच्या साधेपणाची लाज वाटत असते. वाचणाऱ्याचे शब्दांकडे लक्षच नसते, तो त्यांतील ऊब घेतो. हे वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि कितीतरी वेळ स्वस्थ बसून राहिलो.

मग आम्ही एक गोष्ट केली. आमच्या प्राथमिक शाळेतील एक गुरुजी हयात होते. वय ऐंशीच्या पुढे. ते आपल्या धर्माचे नव्हेत. एका वर्षी आमच्या परीक्षेची फी त्यांनी स्वतःच्या खिशातून भरली होती. आम्ही एक पानभर पत्र लिहिले, एस. टी.ने त्यांच्या गावी गेलो, आणि पत्र हाती न देता त्यांच्यापुढे बसून मोठ्याने वाचले. वाचताना आवाज कापत होता. गुरुजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला आणि म्हणाले, “अरे, फी भरल्याचं मला आठवतसुद्धा नाही. पण तू आलास, हे मात्र आता विसरणार नाही.” त्या रात्री आम्हांस बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली. याला कोणी शास्त्र म्हणू नये. हा आमचा अनुभव आहे. परंतु शास्त्राशी तो विसंगत नाही. मार्टिन सेलिग्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्यांनी असे पत्र लिहून प्रत्यक्ष जाऊन दिले, त्यांची मनःस्थिती एकदम पुष्कळ सुधारली आणि ती सुधारणा महिनाभर टिकली. पुढे ती ओसरली. म्हणजे आभार हे एकदाच घ्यावयाचे औषध नव्हे. ते रोजच्या भाकरीसारखे आहे. ख्रिस्तसभेने आपणांस दर रविवारी उपकारस्तुतीस बोलाविले आहे, ते उगीच नव्हे.

येथे एक सावधगिरीचा शब्द बोलणे अवश्य आहे. उपकार या शब्दाचा दुरुपयोगही आपल्या समाजात पुष्कळ झाला आहे. ज्याच्या हाती पैसा, त्याने गरिबास थोडे द्यावे आणि जन्मभर मिंधे करून ठेवावे. सावकाराने कर्ज द्यावे आणि वर उपकारही मिरवावा. मजुराची हक्काची मजुरी देऊन त्याच्याकडून मुजऱ्याची अपेक्षा धरावी. हे आपण पाहिले आहे. मिंधेपण ही कृतज्ञता नव्हे. मिंधा मनुष्य खाली पाहतो. कृतज्ञ मनुष्य डोळ्यांस डोळा देऊन बोलतो. तो शोमरोनी प्रभूच्या पाया पडला, आणि प्रभूने त्याला उठून आपल्या वाटेने जाण्यास सांगितले. त्याला बांधून ठेवले नाही.

म्हणून दुःखाने पिचलेल्या मनुष्यास ‘आहे त्याबद्दल आभार मान’ असा उपदेश करू नये. आपला वाशीम जिल्हा कोरडवाहू शेतीचा. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे खास मदत जाहीर केली, त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वर्धा यांच्याबरोबर आपलाही जिल्हा होता. ज्याचे सोयाबीन पावसाने काळे पडले आणि ज्याच्या दारी कर्जाचा तगादा उभा आहे, त्याला कृतज्ञतेचे प्रवचन देणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. त्याच्याकडे जावे, बसावे, त्याचे ऐकावे. मन अगदीच खचले असेल तर डॉक्टरांकडे न्यावे. सरकारची १४४१६ ही टेलि-मानस दूरध्वनी सेवाही आहे. आणि आभार मानावयाचेच असतील, तर ते आपण त्याचे मानावे.

वाशीम गावी १९३९ साली एक ताम्रपट सापडला. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा राजा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी एक गाव ब्राह्मणांस दान दिले, त्याचा तो लेख आहे. वत्सगुल्म म्हणजे आपले वाशीमच. सोळाशेहून अधिक वर्षे झाली. दान देणाऱ्या राजाचे नाव तांब्यावर टिकून राहिले. त्या गावाच्या शिवारात नांगर धरणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. आजही आपण तसेच करतो. मंदिराच्या भिंतीवर देणगीदारांची फरशी बसते. घमेली वाहणारांची बसत नाही.

या महोत्सवात तरी तसे होऊ नये, म्हणून आम्ही काही आभार बोलून दाखवितो. पंचवीस वर्षांपूर्वी आपला मिस्सा एका पत्र्याच्या खोलीत होत असे. पावसाचा आवाज इतका होई की प्रवचन ऐकू येत नसे, आणि त्याबद्दल कित्येकांनी पावसाचेच आभार मानले असतील! हे मंदिर बांधतेवेळी मजुरीवरून परतलेल्या भगिनींनी दिवस मावळल्यावर वाळू उपसली. त्यांचे आम्ही आभार मानतो. ज्या मुसलमान गवंडीदादांनी वेदीचा ओटा बांधला आणि त्या दिवसाची मजुरी घेतली नाही, त्यांचे आम्ही आभार मानतो. बोअर आटली त्या उन्हाळ्यात ज्या बंजारा शेतकरी बांधवांनी आपल्या विहिरीचे पाणी बांधकामास दिले, त्यांचे आम्ही आभार मानतो. ज्या आजी दर शनिवारी न सांगता मंदिर झाडतात आणि आज मागच्या रांगेत बसल्या आहेत, त्यांचे आम्ही आभार मानतो. आजी, मान खाली घालू नका. ज्या लहान मुलांनी ‘फादर, आज प्रवचन लवकर संपलं’ असे म्हणून आम्हांस सुधारले, त्यांचेही आम्ही आभार मानतो.

आता आपणांकडे आमच्या तीन मागण्या आहेत. पहिली अशी की, रात्री निजण्यापूर्वी कुटुंबाने जपमाळ झाल्यावर दोन मिनिटे थांबावे, आणि प्रत्येकाने त्या दिवसातील एका गोष्टीबद्दल देवाचे व एका माणसाचे नाव घेऊन आभार मानावे. मोघम बोलू नये. ‘सगळ्यांबद्दल आभार’ हे कोणाबद्दलच नसते. दुसरी अशी की, घरात जी गोष्ट रोज होते तिच्याबद्दल आठवड्यातून एकदा तरी तोंडाने बोलावे. ‘आभार’ हा शब्द जड वाटला तर ‘बरं केलंस’ म्हणावे, ‘देव तुह्यं भलं करो’ म्हणावे. पोळ्याला बैलाशी बोलता येते, तर घरच्यांशी का येऊ नये?

तिसरी मागणी जरा कठीण आहे. या उत्सवाची स्मरणिका छापली जाईल, तेव्हा तिचे शेवटचे पान कोरे ठेवण्यास आम्ही मंडळास सांगितले आहे. प्रत्येक घराने त्या पानावर एका हयात माणसाचे नाव लिहावे, ज्याचे उपकार आपण कधीच बोलून दाखविले नाहीत. मग ते पान स्मरणिकेत राहू देऊ नये. ते फाडून त्याच्या मागे चार ओळी लिहाव्यात आणि स्वतः नेऊन द्याव्यात. लिहिता येत नसेल तर नातवाकडून लिहवून घ्यावे. गाव दूर असेल तर एस. टी. आहे. अकरा वर्षे वाट पाहू नये. ज्या स्मरणिकेचे शेवटचे पान फाटलेले दिसेल, त्या घरी महोत्सव खरोखर साजरा झाला, असे आम्ही समजू.

असो. पातेल्यांची झाकणे आता उघडावयास हरकत नाही. ज्याने या धर्मग्रामाला पंचवीस वर्षे सांभाळिले, तो दयाळू पिता आपणांस त्या दहाव्या मनुष्याची बुद्धी देवो, आपले पाय वेळीच मागे फिरवो, आणि ज्यांचे आभार मानावयाचे आपल्याकडून राहून गेले, त्या मृत बंधुभगिनींस आपले न बोललेले शब्द आपल्या वतीने सांगो. आमेन.

आणि आज ज्यांनी भाकरी थापल्या, त्या भगिनींनी जेवणानंतर लगेच निघून जाऊ नये. आम्हांस त्यांच्याशी बोलावयाचे आहे.